वहिनींची बुट्टी आणि एक कोरडं बेट

बेटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आमची भावकी पुढच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन धडकेल, आणि ते बेट तेवढं मोठं नाही. कॅरिबियन समुद्रात आहे, एवढं पुरे. साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो, जगाचे नकाशे हाताखालून गेले. तरी हे बेट शोधायला मला भिंग लागलं, आणि सापडलं तेव्हा आधी तो छपाईतला डाग वाटला.

वडूज

बेत माझ्या पुतणीचा, शीतलचा. ती टोरांटोला नर्स आहे. तिचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा सैन्यातून सुभेदार होऊन परतला आणि वडूजला शेती बघतो. शीतलचं म्हणणं सरळ होतं: आईनं जन्मात विश्रांती घेतलेली नाही. एकदा तिला कॅनडाला नेलं, पण ते बाळंतपणासाठी. पाच महिने तिनं तिथे भाकऱ्या थापल्या आणि विमानतळ सोडून काही पाहिलं नाही. म्हणून या वेळी जागा अशी हवी, की जिथे आईला झाडायला स्वतःचं अंगण नाही आणि लेकीचंही नाही. आठ दिवस, समुद्रकाठचा व्हिला, स्वयंपाकाला बाई. आईबाबा, ती आणि मी. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे कुठल्याही बेतात मला शेवटी जोडता येतं.

व्हिलाच्या वेबसाइटवर ‘स्वर्ग’ हा शब्द अकरा वेळा होता. मी मोजलं. पलंगावर नऊ उशा, दारात नारळाची झाडं, आणि काठ संपून थेट समुद्र सुरू झाल्यासारखा वाटणारा पोहण्याचा तलाव. दादानं तो फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, “कठडा न्हाई व्हय रं ह्याला?”

तरीही त्यानं नियोजन ताब्यात घेतलं. एक वही घेतली, तिच्यात कूच, मुक्काम आणि रसद असे रकाने पाडले. रसदेत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा आणि का कोण जाणे, सुतळी. वहिनींच्या नावापुढचा रकाना मात्र महिनाभर कोराच राहिला.

वहिनी नाही म्हणत नव्हत्या. त्या एकच प्रश्न विचारत होत्या, “बोलावणं कुणाचं हाय?”

शीतलनं फोनवरून सांगितलं, की तिथे बोलवावं लागत नाही, घर भाड्यानं मिळतं. वहिनी म्हणाल्या, “घर मिळंल गं. पर घरात कोन हाय? न बोलावता कुणाच्या दारात पथारी टाकायची?”

हे ज्यांना अडाणीपणाचं वाटेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे सासुरवाशीण माहेरी आपली आपण जात नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. तो जेवतो, पान खातो आणि तिला घेऊन जातो. परतताना तिच्याबरोबर बुट्टी येते. बुट्टी म्हणजे टोपली, लाडू-करंज्यांनी भरलेली, वर फडकं बांधलेली. ती गल्लीत घरोघर वाटायची. कुणाचं माहेर कसं आहे हे गल्ली बुट्टीवरून ठरवते, आणि गल्लीची परीक्षा विद्यापीठापेक्षा कडक असते.

वहिनींचं माहेर कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत. मेंढरांचं घर. त्यांचा भाऊ बिरू दर दिवाळीनंतर मुराळी म्हणून यायचा. दादा त्याच्यासमोर मुद्दाम वहिनींची चेष्टा करायचा, की तुमच्या गावात पाणी मागितलं तर ताक देत्यात, कारन ताक जास्त हाय. वहिनी चुलीपुढून न वळता म्हणायच्या, “माह्यारला नावं ठिवायची न्हाईत.” सुभेदार गप्प व्हायचे. बिरू हसायचा. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी तेवढीच मजा.

सहा वर्षांपूर्वी बिरू गेला. भाचे पुण्याला कामाला लागले, घराला कुलूप पडलं. त्या वर्षी दादानं साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि स्वतःच टोपलीत भरून, फडकं बांधून ओट्यावर ठेवले. वहिनींनी चार दिवस टोपली उघडली नाही. मग पेढे शाळेतल्या पोरांना वाटून टाकले. “इकत आणलेली बुट्टी नसती,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर दादानं माहेरावरून चेष्टा करणं सोडलं. चांगुलपणानंच सोडलं. पण वडूजच्या त्या घरात जेवताना मला ती न झालेली चेष्टा रोज ऐकू येऊ लागली.

शीतलनं अखेर शक्कल काढली. व्हिलात स्वयंपाक आणि घर सांभाळणारी जी बाई होती, मिस अर्लीन, तिचा निरोप मागवला. फोनवर एक जाडसर, संथ आवाज आला. मी भाषांतर केलं: “आईला सांग, अंथरूण घातलंय. येऊ दे.”

असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार, हे मला माहीत होतं. मी ते बोललो नाही. वहिनींनी निरोप तीनदा ऐकला. अर्लीनला मुलं किती, हेही विचारायला लावलं. मग म्हणाल्या, “बोलावणं आलं. पर न्यायला कोन येनार?”

कवठे महांकाळ

म्हणून मी मुराळी झालो. सासरच्या दिरानं मुराळी व्हावं असं कुठल्या शास्त्रात नाही, पण शास्त्र वाचायला माणसं लागतात आणि तिकडची माणसं संपली होती. मुराळी रिकाम्या हातानं येत नाही. त्यामुळे मार्चच्या एका सकाळी मी साताऱ्याहून एसटीनं कवठे महांकाळला गेलो आणि तिथून वडाप जीपनं वाडीला. सात जणांच्या जीपमध्ये चौदा जण होतो, त्यात एक बोकड.

बिरूच्या घराचं कुलूप गंजलं होतं. बाभळी, निवडुंग, घायपात आणि ऊन. दारातली चिंच मात्र लगडली होती. खाली चिंचांचा सडा. मी पिशवीभर वेचल्या. साठी उलटलेला ग्रंथपाल कुलूपबंद दारापुढे वाकून चिंचा वेचतोय, हे बघायला फांदीवर बसलेला फक्त एक होला होता.

ती पिशवी घेऊन मी वडूजला गेलो. वहिनींनी मुराळ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. पिशवीत हात घालून त्यांनी एक चिंच हुंगली.

“कुणी पाडली, भावजी?”

“पडलेलीच वेचली.”

“कुणाला इच्यारून?”

“तिथं कुणी नव्हतं, वहिनी.”

“बरं,” म्हणाल्या, आणि आत जाऊन बॅगेत घोंगडं भरलं. त्यांच्या वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीचं, काळं, खरखरीत. कॅरिबियन बेटावर घोंगडं कशाला हे दादानं विचारलं नाही. वहीत रसदेच्या रकान्यात निमूट लिहिलं: घोंगडं, एक.

बेट, पहिला दिवस

व्हिसा, विमानतळ आणि टोरांटोची थंडी वाचकांना माफ. शेवटच्या टप्प्याला वीसेक जणांचं पंख्यांचं विमान होतं. बसायच्या आधी आमचं सामानासकट वजन केलं आणि वजनाप्रमाणे जागा दिल्या. दादाला हे फार पटलं. म्हणाला, वडापवाल्यांना हे शिकवायला पाहिजे.

वरून बेट दिसलं तेव्हा मात्र सगळेच खिडक्यांकडे झुकलो. वेबसाइटवरचा स्वर्ग हिरवागार होता. खाली दिसत होती खडकाळ, तपकिरी, खुरटी जमीन. उतरल्यावर खात्री पटली: बाभळी, निवडुंग, घायपात आणि ऊन. समुद्र भोवती निळाशार पसरलेला, पण जमिनीवर पाण्याचा थेंब नाही. तिथल्या लोकांनी सांगितलं, नदी नाही, ओढा नाही, पावसाचं पाणी घराखालच्या टाक्यांत साठवून वर्ष काढायचं.

दादा म्हणाला, “एवढं लांब येऊन दुष्काळच बघायचा हुता, तर माण तालुका काय वाईट हाय?”

वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही, पण पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. हे त्या सासरी करत नाहीत.

मिस अर्लीन स्वतः गाडी घेऊन आली होती. सत्तरीची, उंच, काळीसावळी, डोक्याला फुलांचा रुमाल. त्या बेटावर वयानं मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, मिस लावतात, आपण आक्का लावतो तसं. वाटेत तांबूस-काळ्या जनावरांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली.

“शेरडं,” दादा म्हणाला.

“मेंढरं हायती,” वहिनी म्हणाल्या.

“लोकर कुठाय मग? साधी केसं हायती की.”

“शेपूट बघा. शेरडाची वर, मेंढराची खाली.”

आमच्या घरातली मेंढरं आजोबांबरोबर संपली आणि दादा अठराव्या वर्षी पलटणीत गेला. त्याचं मेंढरांचं ज्ञान मटणापासून सुरू होतं. तरी तो सुभेदारी आवाजात बोलला, की शेरडंच. वहिनी म्हणाल्या, “न्हाई.” पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ मी पहिल्यांदा ऐकला.

मागे काय भांडण चाललंय, अर्लीननं विचारलं. मी भाषांतर केलं. तिनं इंजिन बंद केलं, मागे वळून वहिनींकडे पाहिलं आणि पोट धरून हसली. दर आठवड्याला येणाऱ्या पाहुण्यांना ती हेच शिकवते: शेपूट वर ते शेरडू, खाली ते मेंढरू. तिनं सांगायच्या आधीच एखाद्या पाहुण्यानं हे सांगितलं, असं कधी झालं नव्हतं.

“विचार तिला,” मला म्हणाली, “कुणाची लेक आहे ही?”

वहिनींना विचारलं, तर त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, वाडीचं नाव सांगितलं आणि मेंढरं किती होती तेही सांगितलं. अर्लीननं मान डोलावली, जणू वहिनींच्या वडिलांना ती ओळखत होती.

दुसरा दिवस

व्हिला फोटोतल्यासारखाच होता, म्हणजे थोडा लहान. नारळाची झाडं तीनच, दुसऱ्या बेटावरून आणलेली. दादानं बुंध्याशी ठिबकची नळी शोधून काढली आणि एक छिद्र तुंबलंय हेही. तलावाला कठडा नाहीच. नऊ उशांपैकी सात दादानं खुर्चीवर रचून ठेवल्या, सैन्यात ठेवतात तशा. टेबलावर घराचा गौरव सांगणारं चामडी बांधणीचं पुस्तक होतं. ते मी आदल्या संध्याकाळीच संपवलं होतं. बांधणी चांगली होती.

वहिनी पहाटे पाचला उठल्या. अंगण झाडलं, ओटा पुसला, बाजरीच्या सहा भाकऱ्या केल्या. सातला अर्लीन आली तेव्हा त्या केर भरत होत्या. अर्लीन पायरीवर बसली. रागावली नव्हती, पण बराच वेळ उठली नाही. शीतल ओशाळली, आईला म्हणाली, अगं, हे त्यांचं काम आहे. वहिनी म्हणाल्या, काम काय, दोन हात.

मग अर्लीन उठली, वहिनींच्या हातातली केरसुणी घेतली, कोपऱ्यात उभी केली आणि एक खुर्ची ओढून दिली. काहीतरी म्हणाली.

“काय म्हनत्यात?” वहिनींनी मला विचारलं.

“म्हणतायत, माझ्या घरात तू बसायचं.”

“ह्यांचं घर हाय हे?”

खरं उत्तर मला माहीत होतं. चामडी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मालकाचं नाव होतं, परदेशातला कुणी गृहस्थ, सही फार वळणदार. पुस्तकात लिहिलेलं लोकांना सांगणं हाच माझा जन्मभराचा धंदा. तरी मी ते पुस्तक मिटून ठेवलं. “तसं म्हणतायत खरं,” म्हणालो.

वहिनी खुर्चीवर बसल्या. टेकून नाही, पण बसल्या.

पुढचे दिवस

त्या बेटावर दुकानात शिरलं की आधी नमस्कार-चमत्कार करायचा असतो, मग काय हवं ते. मला हे ठाऊक नव्हतं. मी पावाची किंमत विचारली आणि दुकानदारीण माझ्याकडे शांतपणे बघत राहिली, जणू मी अजून आलोच नव्हतो. दादानं मागून रामराम घातला, छातीवर हात ठेवून, मराठीत. तिनं त्याला पाव दिला. मला दिला नाही.

जेवण अर्लीनचं. पहिल्या दिवशी तिनं भात केला, त्यात तुरीचे दाणे होते. वहिनींनी एक दाणा बोटांत धरून बघितला. “तूर हाय,” म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. मटणाबरोबर एक गुबगुबीत पिवळी मिरची आली. दादा खर्ड्यावर वाढलेला माणूस, त्यानं ती आख्खी चावली. नंतर तो तलावाच्या काठाशी जाऊन बराच वेळ समुद्राकडे बघत बसला. कठडा नसल्याची तक्रार त्या दिवशी केली नाही.

चौथ्या दिवसापासून वहिनी दुपारी झोपू लागल्या. घोंगडं अंथरून, फाटकाबाहेरच्या झाडाखाली. ते झाड चिंचेचं होतं. चामडी पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. पाचव्या दिवशी मी तिकडे गेलो तर वहिनी खाली बसलेल्या, अर्लीन मागे स्टुलावर, आणि वहिनींचे पांढरे केस मोकळे. अर्लीन खोबरेल लावून विंचरत होती. एक मराठीत बोलत होती, एक बेटाच्या इंग्रजीत, आणि दोघींना भाषांतरकार नको होता. मी परत फिरणार तेवढ्यात अर्लीननं थांबवलं.

तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते वहिनींपर्यंत नीट पोचायला हवं होतं. हे झाड तिच्या आजीनं लावलेलं. व्हिला उभा आहे तिथे तिच्या आईचं घर होतं, तीन खोल्यांचं. तलावाखाली पाण्याची जी टाकी आहे ती तिच्या आजोबांनी खडक फोडून केली. जमीन भावांनी विकली, आणि भाऊ निघून गेले. नव्या मालकाला घर सांभाळायला कुणी हवं होतं. “मी म्हटलं, मी सांभाळते,” ती म्हणाली. “नाहीतरी मी इथेच येऊन बसले असते.”

मी भाषांतर करू लागलो, तर वहिनींनी हात वर केला. “कळलं,” म्हणाल्या. काय कळलं आणि किती, हे मी विचारलं नाही. चामडी पुस्तक मिटून ठेवल्यापासून माझा आत्मविश्वास तसाही कमी झाला होता.

मग वहिनी मागे टेकल्या, अर्लीनच्या गुडघ्यांना. डोळे मिटले. मी त्यांना पंचेचाळीस वर्षं ओळखतो. टेकून बसलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

निघताना

आठव्या दिवशी गाडी दाराशी लागली. अर्लीन आतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्या झाडाच्या चिंचा कोळून, साखर आणि किंचित मिरपूड घालून वळलेले गोळे. ती डबा वहिनींच्या हातात द्यायला गेली. वहिनींनी हात पुढे केले नाहीत, पदर पसरला. अर्लीनला त्याचा अर्थ माहीत असायचं कारण नाही. तिनं डबा पदरात ठेवला, दोन्ही हातांनी, अलगद.

घोंगडं बॅगेत नाही, हे दादाच्या लक्षात आलं. वही उघडून म्हणाला, एक घोंगडं कमी आहे.

“आतल्या कपाटात ठिवलंय,” वहिनी म्हणाल्या. “पुन्ना आलं की लागंल.”

विमानतळावर मी शीतलला बाजूला घेऊन विचारलंच. आईशी असं वागा म्हणून तिनं अर्लीनला काही सांगून ठेवलं होतं का? शीतल म्हणाली, “काका, मी फक्त सांगितलं होतं की आई गाईचं खात नाही.”

पुन्हा वडूज

घरी पोचल्यावर मी दोन दिवस तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी फळीवरून बुट्टी काढली, सहा वर्षांची धूळ पुसली, डब्यातले गोळे तिच्यात घातले, फडकं बांधलं. मी ओट्यावर पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो. समोरच्या सखूबाईंनी दारातूनच विचारलं, “कुणाची बुट्टी गं?”

“माझी. माह्यारनं आले न्हवं का.”

सखूबाईंना बिरू माहीत होता, कुलूपही माहीत होतं. त्यांनी ओंजळ पुढे केली. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. अख्खी गल्ली करून वहिनी परत आल्या तेव्हा तळाशी दोन गोळे उरले होते. एक मला दिला, मुराळ्याचा मान म्हणून. एक दादाला.

दादानं गोळा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

“लय आंबाट हाय की गं हे.”

वहिनी चुलीपुढे होत्या. वळल्या नाहीत.

“माह्यारला नावं ठिवायची न्हाईत,” म्हणाल्या.

सुभेदार गप्प झाले.